डॅन्यूबवरची रिव्हर क्रूझ, पासाऊ ते बुडापेस्ट: आईबाबांना घेऊन जावं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी आईबाबांना युरोप दाखवायचा विचार आहे. बाबा 74 चे, आई 69 ची, आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती चालते छान पण रोज सकाळी बॅग भरा, बस पकडा, रात्री नवं हॉटेल हे तिला झेपणार नाही. ग्रुप टूरचे बरेच कार्यक्रम बघितले, सगळीकडे धावाधाव. मग एका मैत्रिणीने रिव्हर क्रूझ सुचवली, म्हणजे खोली एकच, बॅग एकदाच उघडायची आणि गावं आपोआप समोर येतात. जर्मनीत पासाऊला चढायचं, मग ऑस्ट्रियातलं लिंझ, मेल्क, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करत बुडापेस्टला उतरायचं, सात रात्री. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे त्यामुळे त्यांना हे सगळं फार आवडेल अशी खात्री आहे.

पण दर बघून छाती दडपली आहे. माणशी दीड-दोन हजार युरोंच्या पुढेच सुरू होतंय, विमान आणि व्हिसा वेगळा. एवढे पैसे घालून नक्की काय मिळतं, वयस्कर माणसांना बोटीवर चढउतार जमते का, आई शाकाहारी आहे तिचं काय, आणि कुठला महिना धरावा, हे कोणी जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज. जाहिरातीत लिहिलेलं सगळं वाचून झालंय, त्यात नसलेलं सांगा.

मावशीबोळ

आम्ही सासूबाईंना घेऊन हाच रूट केलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी चढउताराचं. बोट धक्क्याला लागली की एक छोटा पूल टाकतात, दोन्ही बाजूंना कठडा असतो, त्याचा त्रास नाही. पण गर्दीच्या धक्क्यांवर, व्हिएन्ना आणि बुडापेस्टला तर हमखास, बोटी एकीला एक चिकटून उभ्या करतात. तुमची बोट बाहेरच्या बाजूला असली की दुसऱ्या एक-दोन बोटींच्या लॉबीतून नाहीतर कधीकधी त्यांच्या गच्चीवरून जिने चढून उतरून किनाऱ्यावर जायचं. सासूबाईंना तेवढंच जड गेलं. अजून एक म्हणजे लिफ्ट आहे असं लिहिलेलं असतं पण ती सगळ्या मजल्यांवर जातेच असं नाही, सगळ्यात खालच्या मजल्याला आणि गच्चीला बहुतेक वेळा नसते. तेव्हा स्वस्त म्हणून खालची केबिन घेऊ नकोस. मधला मजला घे. तिथे काचेचं मोठं सरकतं दार असतं, त्याला फ्रेंच बाल्कनी म्हणतात, बाहेर पाऊल टाकायला जागा नसते पण दार उघडून खुर्ची टाकून बसलं की नदी समोर. वरच्या मजल्यावरच्या खऱ्या बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे घालायची गरज मला वाटली नाही, दिवसा सगळे गच्चीवरच असतात.

गावांमध्ये जुने दगडी रस्ते आहेत, गुडघेवाल्यांना तेच जास्त त्रास देतात. बहुतेक बोटींवर चालण्याचे वेगवेगळे गट करतात आणि त्यात एक हळू चालणाऱ्यांचा असतो, पहिल्याच दिवशी त्यात नाव घालून टाक, लाजू नकोस. आणि एखाद्या गावी आईला उतरायचं नसेल तर नको उतरू दे. बोटीवर बसून किनारा बघणं हासुद्धा त्याच पैशातला भाग आहे, सासूबाईंची सगळ्यात आवडती दुपार तीच होती.

जेवणाचं: बुकिंग करतानाच लेखी कळवायचं, आणि नुसतं व्हेजिटेरियन लिहून थांबायचं नाही. मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, सूपला मांसाचा स्टॉक नको, असं स्पष्ट लिहायचं. चढल्यावर पहिल्या संध्याकाळी परत एकदा सांगायचं. आम्हाला रोज काहीतरी वेगळं करून दिलं, चीज घातलेल्या स्पॅट्झलेची, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या छोट्या नूडल्सची, तर सासूबाईंना चटकच लागली. मेतकूट, चटणी, लोणचं न्यायला हरकत नाही पण केबिनमध्ये इलेक्ट्रिक किटली बऱ्याच बोटींवर चालत नाही, आगीच्या भीतीने. गरम पाणी लाउंजमध्ये मिळतं.

स्लीपर क्लास

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. एवढे पैसे नसतील तर डॅन्यूबचा सगळ्यात देखणा तुकडा थोडक्या पैशात बघता येतो. मेल्क ते क्रेम्स हा साधारण 35 किलोमीटरचा पट्टा, त्याला वाखाऊ म्हणतात, युनेस्कोच्या यादीत 2000 पासून आहे. व्हिएन्नात मुक्काम करायचा, सकाळी रेल्वेने मेल्कला जायचं, तिथला मठ बघायचा आणि दुपारी दिवसाच्या प्रवासी बोटीत बसून क्रेम्सला उतरायचं, तिथून परत रेल्वे. ऑस्ट्रियन रेल्वे याचं एकत्र तिकीटही विकते. प्रवाहाच्या दिशेने गेलं तर पावणेदोन तासांच्या आत होतं, उलट्या दिशेने तीन तास लागतात, म्हणून मेल्ककडून निघायचं.

आणि व्हिएन्ना ते बुडापेस्ट रेल्वेने पावणेतीन तास, ब्रातिस्लाव्हा तर एका तासावर. म्हणजे व्हिएन्नात एक चांगलं अपार्टमेंट, बुडापेस्टला दुसरं, बस. दोनच हॉटेलं. आईबाबांना दमायला होणार नाही, स्वयंपाकघरही मिळेल.

व्हिएन्नावासी

मी इथे राहतो, माझे आईवडील दोन्ही प्रकारे फिरलेत. स्लीपर क्लास म्हणतात ते बरोबर आहे, तरुण किंवा धडधाकट माणसांना मी तेच सांगतो. पण रानजाईताई, तुमच्या आईचा गुडघा लक्षात घेता रेल्वे, स्टेशनवरून धक्क्यापर्यंत चालणं, मठाचा चढ, परत बोट, परत रेल्वे असा दिवस जड जाईल. क्रूझ इथे कामाला येते.

फक्त एक गोष्ट बुकिंगच्या आधी नक्की तपासा, ही कोणी सांगत नाही. वाखाऊतून बोट दिवसा जाते की रात्री? या बोटी बराच प्रवास रात्री करतात म्हणजे सकाळी तुम्ही नव्या गावात जागे होता. सोयीचं आहे, पण वाखाऊ झोपेत गेलं तर एवढे पैसे घालून नदीवर आलात कशाला? तासांसकट वेळापत्रक मागा. मेल्कहून दुपारी निघून संध्याकाळच्या आत क्रेम्स किंवा ड्युर्नश्टाइनला पोचणारी बोट हवी. हंगेरीत एस्टरगोमच्या पुढे विशेग्रादपाशी नदी दक्षिणेकडे मोठं वळण घेते तो भागही उजेडात मिळाला तर उत्तम. आणि बुडापेस्टला शक्यतो अंधार पडल्यावर शिरणारी किंवा रात्री शहरात एक फेरी मारणारी बोट घ्या, पार्लमेंट, साखळी पूल, वर बुडाचा किल्ला सगळं उजळलेलं असतं आणि ते पाण्यातून बघण्यासारखं दुसरं काही नाही.

व्हिएन्नाबद्दल एक, लोकांची निराशा होते म्हणून आधीच सांगतो: डॅन्यूब जुन्या शहरातून वाहत नाही. एकोणिसाव्या शतकात पुरांना कंटाळून नदीचं पात्र सरळ केलं, बोट लागते ती राइशब्र्युके पुलाजवळ, तिथून जुन्या शहराच्या मधोमध श्टेफान्सप्लाट्झला मेट्रोची यू 1 लाइन काही मिनिटांत नेते. टूरच्या बसची वाट बघत बसू नका, दिवसाचा पास काढा, स्टेशनांवर लिफ्ट आहेत.

बाबा इतिहासाचे शिक्षक होते म्हणालात म्हणून अजून थोडं. व्हिएन्नाच्या अलीकडे उजव्या हाताला टेकड्या लागतात, तोच काहलेनबर्गचा परिसर. 1683 मध्ये ऑटोमन फौजांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता आणि 12 सप्टेंबरला पोलंडचा राजा यान सोबिएस्की आणि जर्मन संस्थानांच्या फौजा या टेकड्यांवरून खाली उतरल्या आणि वेढा मोडला. त्याच वर्षाच्या शेवटी इकडे संभाजीराजे फोंडा आणि गोव्यात पोर्तुगिजांशी लढत होते. माझ्या वडिलांना गच्चीवर उभं राहून हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ टेकडीकडेच बघत होते.

पाटकरी

निवृत्त पाटबंधारे अभियंता आहे, त्यामुळे मला गावांपेक्षा नदीच जास्त बघायची होती, आणि या प्रवासात ती मनसोक्त बघायला मिळाली. इतिहासाच्या गोष्टी इतर लोक लिहितीलच, मी पाण्याबद्दल लिहितो.

ऑस्ट्रियातल्या साधारण 350 किलोमीटरमध्ये नदी दीडशे मीटरच्या आसपास उतरते. या उतारावर एकामागून एक वीजप्रकल्प आहेत, जर्मनीबरोबर सामाईक असलेला योखेनश्टाइन धरून दहा. प्रत्येक ठिकाणी बोटींसाठी लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबलचक हौद, इथले 24 मीटर रुंद आणि 230 मीटर लांब. बोट आत शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, मग पाणी सोडायला लागतात. पंप नाही काही नाही, सगळं गुरुत्वाकर्षणावर. बोट हळूहळू खाली जाते, काँक्रीटची ओली शेवाळलेली भिंत खिडकीसमोरून वर वर सरकत राहते, थंड दमट वास येतो, खोलीत एकदम अंधारतं. मग पुढचा दरवाजा उघडतो आणि परत ऊन. बरेच प्रवासी त्या वेळी जेवत असतात. मी दर वेळी गच्चीवर गेलो. ब्रातिस्लाव्हाच्या पुढे गाबचिकोवोचं लॉक तर 18 ते 20 मीटर उतरवतं, साधारण सहा मजली इमारत. ते रात्री आलं तरी उठून बघा.

या बोटी एवढ्या अरुंद का याचंही उत्तर लॉकमध्येच आहे. डॅन्यूबवरचे हौद मोठे आहेत, पण राइनकडून येणाऱ्या माइन-डॅन्यूब कालव्यातले फक्त 12 मीटर रुंद, म्हणून दोन्हीकडे चालणाऱ्या बोटी 11.4 मीटर रुंद आणि जास्तीत जास्त 135 मीटर लांब बांधतात. हा 171 किलोमीटरचा कालवा 1992 साली पूर्ण झाला, समुद्रसपाटीपासून 406 मीटर उंचीवरून बोटी डोंगर ओलांडून जातात. आमच्या पेशातल्या माणसाने बघावं असं काम आहे. पूल ठेंगणे असले की कप्तानाची केबिनच खाली दबते आणि गच्ची रिकामी करायला सांगतात.

अजून एक मजेची बाब, काठावर किलोमीटरच्या पाट्या दिसतात त्या उगमापासून नाहीत, मुखापासून आहेत. पासाऊला 2200 च्या पुढचा आकडा, व्हिएन्नात 1929 च्या आसपास, बुडापेस्टला 1647. म्हणजे बुडापेस्टला उतरताना काळा समुद्र अजून सोळाशे किलोमीटर लांब आहे. बाबांना वहीत आकडे टिपायला सांगा, वेळ फार छान जातो.

आणि नदीचे फक्त दोन तुकडे ऑस्ट्रियात मोकळे वाहतात, एक वाखाऊ आणि दुसरा व्हिएन्नाच्या पूर्वेचा. तो दुसरा लोकांनी वाचवलाय. 1984 च्या डिसेंबरात हाइनबुर्गला धरण होणार होतं, हजारो माणसं कडाक्याच्या थंडीत जंगलात जाऊन बसली, काम थांबलं, आणि 1996 ला तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. मी आयुष्यभर धरणांवर काम केलंय तरी तिथून जाताना मला त्या माणसांबद्दल आदरच वाटला.

रानजाई

पाटकरी काका, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, ते म्हणाले आता जायचंच. वही पण काढून ठेवली!

व्हिएन्नावासी, वेळापत्रकाचं फार महत्त्वाचं सांगितलंत. एका कंपनीला मेल करून विचारलं, त्यांची बोट वाखाऊतून पहाटे जाते असं कळलं, ती बाद. आता महिना कुठला ते सांगा ना. मैत्रीण म्हणते ख्रिसमस मार्केटला जा, फोटो सुंदर येतात.

मावशीबोळ

ख्रिसमस मार्केट सुंदरच असतात, पण चार-सव्वाचारला अंधार पडतो गं. नदी दिसणारच नाही, आणि थंडीत ओल्या दगडी रस्त्यांवर गुडघा, नकोच. मे नाहीतर सप्टेंबर. जुलैमध्ये वाखाऊत जर्दाळू पिकतात, ताज्या जर्दाळूंचे गरम गोड गोळे वरून परतलेला ब्रेडचुरा घालून देतात, मारिलनक्नोडल, मांस-मासे काही नाही (पिठात अंडं असू शकतं, ते विचारून घे) आणि केवळ अप्रतिम. पण जुलै-ऑगस्टला ऊन आणि पाण्याचा प्रश्न.

काठावर

पाण्याच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण आमची ट्रिप त्यातच गेली. 2024 च्या सप्टेंबरात मध्य युरोपात प्रचंड पाऊस झाला, ऑस्ट्रियात डॅन्यूबवरची बोटवाहतूक बंद केली. आमची बोट धक्क्याला बांधलेली आणि आम्ही बसने फिरतोय. कर्मचाऱ्यांनी जीव तोडून सेवा केली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण कंपनीने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. अटींमध्ये लिहिलेलं असतं की पाण्याच्या पातळीमुळे प्रवास बसने झाला तरी तो पूर्ण झाला असं धरतील. ही अट जवळजवळ सगळीकडे असते. बुकिंगच्या आधी वाचाच, आणि प्रवास विमा घेताना नदीच्या पातळीमुळे झालेला बदल त्यात धरलाय का ते लेखी विचारा.

उलटही होतं. 2022 च्या उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की खाली सर्बियात प्राहोवोजवळ दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जर्मन जहाजं वर आली. अशा वेळी दोन बोटी दोन बाजूंना ठेवून मधल्या भागात प्रवाशांना बसने नेतात, म्हणजे बॅग एकदाच उघडायची ही सगळी सोय गेली.

पासाऊला नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या पातळ्यांच्या खुणा आहेत त्या जरूर बघा. 2013 च्या जूनमध्ये तिथे नदीची पातळी 12.89 मीटरवर गेली, पाचशे वर्षांत तेवढं आलं नव्हतं. त्या खुणेखाली उभं राहून मान वर करून बघावं लागतं. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला तिथे वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि तिथेच जमिनीच्या टोकावर जाऊन उभे राहा, तीन नद्या मिळतात. आल्प्समधून येणारी इन हिरवट दुधी, जंगलातल्या दलदलीतून येणारी इल्झ जवळजवळ काळी आणि मधे डॅन्यूब. तीन रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. तिथल्या कॅथेड्रलमध्ये 17,974 नळ्यांचा ऑर्गन आहे, मे ते ऑक्टोबर रविवार आणि सणाच्या सुट्ट्या सोडून दुपारी बारा वाजता वादन असतं, त्यासाठी बोटीवर चढायच्या एक दिवस आधी पोचा.

व्हिएन्नावासी

काठावर यांना अनुमोदन. एक दिवस आधी पोचणं विमानाच्या उशिरासाठीही बरं.

बाबांसाठी अजून दोन ठिकाणं. ब्रातिस्लाव्हाला लोक दोन तासात आटपतात, पण 1563 ते 1830 हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक इथल्या सेंट मार्टिन कॅथेड्रलमध्ये झालेत, कारण सुरुवातीला बुडा ऑटोमनांच्या ताब्यात होतं. हॅब्सबर्ग राणी मारिया थेरेसाचा 1741 चा अभिषेक इथलाच. गावाच्या अलीकडे डेव्हीनचा किल्ला बोटीतून दिसतो, मोरावा नदी डॅन्यूबला मिळते तिथे. 1989 पर्यंत तिथे काटेरी कुंपण होतं, पलीकडे ऑस्ट्रिया. आज तुमची बोट तिथून न थांबता जाते, पासपोर्टसुद्धा कोणी विचारत नाही.

दुसरं, लिंझच्या पुढे माउटहाउजेन गाव लागतं. सुंदर छोटं गाव आहे. त्याच्या मागे टेकडीवर नाझींची छळछावणी होती, 1938 पासून, ग्रॅनाइटच्या खाणीत कैद्यांना 186 पायऱ्या दगड घेऊन चढायला लावायचे. बहुतेक बोटी तिथे थांबत नाहीत आणि काही वेळा माहितीतही सांगत नाहीत. मला ते खटकतं. निदान जाताना माहीत असावं.

मावशीबोळ

बुडापेस्टला पार्लमेंटजवळ काठावर लोखंडी बूट आहेत, 60 जोड, तेही बघा. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथल्या फॅसिस्ट ॲरो क्रॉसवाल्यांनी ज्यू लोकांना बूट काढायला लावून काठावर उभं करून गोळ्या घातल्या, प्रेतं नदीत. सगळे जुन्या पद्धतीचे बूट, बायकांचे, पुरुषांचे, छोट्या मुलांचे सुद्धा, टाचा झिजलेल्या, काही आडवे पडलेले. कोणीतरी एका लहान बुटात फुलं ठेवली होती. सासूबाई खाली वाकून त्या बुटाला हात लावून आल्या. बोटीवरून पार्लमेंटचे दिवे बघतो तेव्हा हाच काठ समोर असतो, म्हणून दिवसा चालत तिथे जाऊन या.

रानजाई

हे वाचून गप्प झाले. नक्की जाऊ.

सगळ्यांचं वाचून घरात ठरलं: सप्टेंबरऐवजी मे चा दुसरा पंधरवडा, वाखाऊतून दुपारी जाणारी बोट, मधला मजला, पासाऊला एक रात्र आधी. बुडापेस्टला उतरल्यावर दोन रात्री हॉटेल. आता फक्त व्हिसा, कुठल्या देशाचा काढायचा? जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी सगळं येतंय.

व्हिएन्नावासी

चारही शेंगेनमध्ये आहेत, एकच व्हिसा. जिथे जास्त दिवस त्या देशाचा, दिवस सारखे आले तर जिथे आधी शिराल त्याचा. तुमच्या रूटवर बहुतेक ऑस्ट्रियाचेच दिवस जास्त भरतील पण बुडापेस्टच्या रात्री धरून नीट मोजा. क्रूझ कंपनीकडून रोज बोट कुठे आहे हे तारखेनिशी लिहिलेलं पत्र घ्या, नुसतं बुकिंग कन्फर्मेशन देऊ नका. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मे साठी अपॉइंटमेंटा लवकर संपतात. फी मोठ्यांना 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा. बेलग्रेडपर्यंत जाणारी बोट घेतलीत तर सर्बिया शेंगेनच्या बाहेर आहे, तिथून परत शेंगेनमध्ये यायचं असेल तर मल्टिपल एंट्री लागेल. हंगेरीत फोरिंट चालतो, बाकी तिन्हीकडे युरो.

आणि टिपचे पैसे बाजूला ठेवा, कंपन्या साधारण माणशी रोज 10-15 युरो सुचवतात, काही ठिकाणी आधीच धरलेले असतात, विचारून घ्या.

पाटकरी

रानजाई, बाबांसाठी शेवटचं. मेल्कहून निघालात की सुरुवातीला गच्चीवर उजव्या हाताला खुर्च्या धरा, मठ मागे राहतो आणि शोनब्युहलचा वाडा, मग उंच कड्यावर आगश्टाइनचा पडका किल्ला त्याच काठावर. तिथून पुढे डावीकडे सरका. विलेनडॉर्फ डाव्या काठाला, 1908 मध्ये तिथे रेल्वेच्या कामात 11 सेंटिमीटरची दगडी स्त्रीमूर्ती सापडली, हिमयुगातली, ती व्हिएन्नाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. मग श्पिट्झ, द्राक्षांचे दगडी बांध घातलेले उतार, आणि शेवटी ड्युर्नश्टाइनचा निळा मनोरा. वर जो पडका किल्ला दिसेल तिथे 1192 च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता, त्याच्या खंडणीच्या पैशातून व्हिएन्नाची तटबंदी बांधली. वारा फार असतो, मे मध्येही आईंना शाल आणि कानटोपी द्या.

रानजाई

शाल, कानटोपी, दुर्बीण, वही, लिहून घेतलं. काका, बाबा विचारतायत की योखेनश्टाइनच्या लॉकला बोट साधारण किती वाजता पोचते?

पाटकरी

पासाऊपासून जेमतेम 22 किलोमीटरवर आहे, त्यामुळे संध्याकाळी निघाल्यावर दीड-दोन तासांत येतं. नेमकं त्याच वेळी कप्तानाचं स्वागताचं जेवण असतं. बाबांना सांगा सूप पिऊन वर यायचं.